पहिला बोर्ड, पहिलं सॉफ्टवेअर



गेल्या महिन्यात चिपळूणकडच्या एका आपांचं पत्र आलं. त्यांची लेक डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स शाखेला. गच्चीवरची टाकी भरून वाहते आणि पंप बंद करायला कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून तिने ब्रेडबोर्डवर एक भोंगा तयार केला. पाणी वर आलं की वाजतो. आता तिला त्याचा नीट छापील बोर्ड करायचा आहे. आपा लिहितात, "मुलगी म्हणते सॉफ्टवेअर लागतं. तिची एक मैत्रीण पेनड्राइव्हवर एक मोठं सॉफ्टवेअर आणून देणार आहे, कॉलेजात सगळे तेच वापरतात म्हणे. दुसरी म्हणते पैसे भरून घ्यावं लागतं. हे कुवेतला असतात, विचारलं तर पाठवतील. पण भाईजान, खरंच लागतं का? घरात एकच लॅपटॉप आहे, तोही थोरल्या मुलाचा जुना."

पत्र वाचून मला बरं वाटलं. पैसे पाठवायचा निर्णय होण्याआधी त्यांनी विचारलं, हे एक. आणि मुलीने टाकीचा भोंगा स्वतः केला, हे त्याहून मोठं. माशाअल्लाह. असाच प्रश्न वर्षभरात आणखी दोन-तीन घरांतून आला आहे, म्हणून या वेळचं सदर त्यावरच.

आपा, आधी हे काम काय आहे ते सांगतो, म्हणजे सॉफ्टवेअरचं गूढ उरणार नाही. आपण रेडिओ किंवा मोबाइलचा चार्जर उघडला की आत हिरवी पाटी दिसते, तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा असतात. वायरींचं जंजाळ टाळण्यासाठी त्या वाटा पाटीवरच छापलेल्या असतात. या कल्पनेचं श्रेय बहुतेक वेळा पॉल आयझ्लर या ऑस्ट्रियन इंजिनिअरला दिलं जातं. त्याने १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये अशा पाटीवर रेडिओ करून दाखवला होता. पूर्वी या वाटा मोठ्या कागदावर काळी चिकटपट्टी लावून आखत. आता ते काम संगणकावर होतं, इतकंच.

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, पायऱ्या त्याच. आधी सर्किटची आकृती काढायची: हा ट्रान्झिस्टर, हा रेझिस्टर, यांची ही टोकं एकमेकांना जोडलेली. मग प्रत्येक भागाला त्याचं 'पाऊल' द्यायचं, म्हणजे पाटीवर त्याचे पाय कुठे शिरणार, दोन भोकांत अंतर किती. त्याला फूटप्रिंट म्हणतात. मग सगळे भाग पाटीवर मांडायचे. सॉफ्टवेअर बारीक रेषांनी दाखवत राहतं की हे टोक त्या टोकाला जायचं आहे. त्या रेषांच्या जागी आपण तांब्याची वाट आखायची. शेवटी सॉफ्टवेअरकडून तपासणी करून घ्यायची आणि कारखान्याला द्यायच्या फायली काढायच्या. या फायलींना गर्बर म्हणतात. जोसेफ गर्बर यांच्या अमेरिकन कंपनीने हा साचा प्रचारात आणला आणि आज जगातला जवळजवळ प्रत्येक बोर्ड-कारखाना तो वाचतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. बोर्ड कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काढला याच्याशी कारखान्याला देणंघेणं नसतं. त्याला गर्बर पाहिजे. त्यामुळे 'सगळे तेच वापरतात' हे कारण इथे फारसं टिकत नाही.

आता पेनड्राइव्हचं. मी हे घरचं सांगतो. माझ्या बहिणीच्या घरी हाच प्रकार झाला. भाचा एका खाजगी क्लासला जात होता, तिथे एक लाखांच्या किमतीचं व्यावसायिक सॉफ्टवेअर कुलूप फोडून सगळ्या मुलांना वाटलं. ते टाकताना अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचनाही सोबत लिहून दिलेली. पोराने बंद केला. आठवडाभराने लॅपटॉप सुरू केला तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे भलतंच शेपूट लागलेलं, आणि पडद्यावर पैसे मागणारी चिठ्ठी. त्याच लॅपटॉपवर थोरल्या भाचीच्या निकाहाचे फोटो होते. दुसरीकडे प्रत नव्हती. ते फोटो परत आले नाहीत. बहीण अजूनही त्याला काही बोलत नाही, पण लग्नाचा विषय निघाला की तो उठून आत जातो.

चोरीची वस्तू वापरू नये, हे घरात वेगळं शिकवायची गरज नसते. पण संगणकावरची वस्तू चोरीची वाटतच नाही, कारण दुकानातून काही कमी झालेलं दिसत नाही. मुलांशी हे एकदा नीट बोलावं. आणि इथे तर मजबुरीची सबबही चालत नाही. या कामाची हक्काने, उजळ माथ्याने फुकट मिळणारी साधनं इतकी चांगली झाली आहेत की टाकीच्या भोंग्यासाठी कुणी काही फोडण्याची गरज नाही. कुवेतहून पैसे मागवण्याचीही नाही.

आता त्या साधनांकडे येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाई असेल त्याने इथेच थांबावं: घरात बरा लॅपटॉप असेल तर कीकॅड घ्या. लॅपटॉप अगदीच दमलेला असेल आणि इंटरनेट चांगलं असेल तर ईझीईडीए चालेल. बाकीची नावं ऐकू येतील, त्यांचंही सांगतो.

कीकॅडची सुरुवात १९९२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला झाली, ज्याँ-पिएर शारा नावाच्या शिक्षकाने केली. शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाची वस्तू करावी आणि ती तीस वर्षांहून अधिक काळ जगाच्या उपयोगी पडत राहावी, ही मला फार आवडणारी गोष्ट आहे. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. म्हणजे नुसतं फुकट नाही, त्याची मूळ संहिताही कुणालाही बघता येते, सुधारता येते. जिनिव्हाजवळची सर्न ही अणुविज्ञानाची प्रयोगशाळा २०१३ च्या सुमारास त्यात मदतीला आली. वाट आखताना मध्ये आलेल्या दुसऱ्या वाटा आपोआप बाजूला ढकलत जागा करून देणारी सोय त्यांच्याच लोकांनी घातली. आज बोर्डाच्या आकारावर बंधन नाही, भागांच्या संख्येवर नाही, तांब्याचे ३२ थरांपर्यंत बोर्ड काढता येतात. आपल्याला एक थर पुरतो, तो भाग निराळा.

पण माझ्या दृष्टीने त्याचं सगळ्यात मोठं बळ वेगळंच आहे. खातं उघडावं लागत नाही. इंटरनेट एकदाच, उतरवून घेताना लागतं. आणि आपण काढलेली फाइल आपल्या लॅपटॉपवर राहते, साध्या मजकुराच्या रूपात. उद्या कंपनीने धोरण बदललं, वर्गणी सुरू केली, दुकान बंद केलं, तरी आपलं काम आपल्या हातात राहतं.

हे मी उगाच म्हणत नाही. ईगल नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. १९८८ मध्ये जर्मनीत निघालं, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं हौशी माणूस म्हटलं की ईगल, असं समीकरण होतं. अर्डुइनोच्या बोर्डांच्या फायलीही ईगलमध्येच दिल्या जात. त्याची छोटी आवृत्ती फुकट मिळे. २०१६ मध्ये ऑटोडेस्क या मोठ्या कंपनीने ते घेतलं, २०१७ च्या सुरुवातीला एकदा विकत घ्यायची पद्धत जाऊन वर्गणी आली, आणि २०२३ मध्ये जाहीर झालं की ७ जून २०२६ पासून ईगल स्वतंत्रपणे मिळणार नाही, जे काही आहे ते कंपनीच्या फ्यूजन या मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात. कंपनीचा व्यवहार कंपनीने बघितला, त्यात तक्रारीचं कारण नाही. पण ज्याने वीस वर्षं ईगलमध्ये काम केलं, त्याला गाशा गुंडाळावा लागला. सुदैवाने कीकॅड ईगलच्या फायली उघडतं. फ्यूजन वैयक्तिक वापरासाठी फुकट आहे, पण त्यात आकृतीची दोन पानं, दोन थर आणि ८० चौरस सेंटिमीटरचा बोर्ड ही मर्यादा. नवशिक्याला ती बरेच दिवस बोचणार नाही. ज्याला बोर्डासोबत त्याची प्लास्टिकची पेटीही संगणकावर आखायची आहे त्याने फ्यूजन जरूर बघावं. बाकीच्यांनी आज ईगलची जुनी पुस्तकं आणि व्हिडिओ बघून त्यातून सुरुवात करू नये. कॉलेजच्या वाचनालयात अजून तीच असतात, म्हणून सांगितलं.

कीकॅडची अडचण म्हणजे ते पहिल्या दिवशी प्रेमळ वाटत नाही. सुरुवातीला पडदा रिकामा आणि आजूबाजूला बटणांची रांग. उतरवून घेण्याची फाइल एक जीबीच्या पुढे असते, म्हणजे मोबाइलच्या डेटावर एका दिवसात आटोपेलच असं नाही. विंडोज ७ वर आताच्या आवृत्त्या चालत नाहीत, विंडोज १० किंवा ११ लागतं. लॅपटॉप जुना असेल आणि विंडोज घ्यायचे पैसे नसतील तर लिनक्स टाकून त्यावर कीकॅड छान चालतं. थोरल्या मुलाला हे काम सांगा, एका दुपारचं आहे.

ईझीईडीएचं गणित उलट. ते ब्राउझरमध्ये चालतं, पहिल्या तासात बोर्ड दिसायला लागतो, आणि भाग निवडताना दुकानातला क्रमांक, किंमत, फूटप्रिंट सगळं एका जागी मिळतं. हे चिनी सॉफ्टवेअर आहे आणि भाग विकणारी व बोर्ड छापणारी भावंडं त्याच घरातली आहेत, म्हणून ते फुकट परवडतं. त्यात गैर काही नाही, पण दुकानदाराने दिलेली पिशवी आहे हे ध्यानात असू द्यावं. खातं लागतं. काम त्यांच्या सर्व्हरवर साठतं. वीज गेली की आपल्याकडे इंटरनेट जातं, आणि पावसाळ्यात कोकणात वीज किती दिवस असते ते आपांना मी काय सांगावं! ते वापरायचं ठरलं तर प्रत्येक कामाची प्रत लॅपटॉपवर उतरवून ठेवायची सवय लावून घ्यावी. कीकॅडच्या २०२४ मधल्या आठव्या आवृत्तीपासून ईझीईडीएच्या फायली त्यात उघडता येतात, त्यामुळे परतीचा रस्ता आहे.

फ्रित्झिंग हे जर्मनीतल्या पोट्सडामच्या विद्यापीठात जन्मलेलं. त्यात ब्रेडबोर्डचं हुबेहूब चित्र काढता येतं, रंगीत वायरींसकट. जर्नलमध्ये, प्रदर्शनात, धाकट्या भावाला समजावताना फार उपयोगी. छापील बोर्डसाठी मात्र मला ते तोकडं वाटतं. शिवाय तयार आवृत्ती उतरवून घ्यायला आता काही युरो मागतात. सातवी-आठवीतल्या मुलाला तर यातलं काहीच देऊ नका, त्याला टिंकरकॅड द्या. तिथे खोट्या ब्रेडबोर्डवर खोटा दिवा पेटवता येतो, आणि चुकीच्या जोडणीने दिवा जळाला तरी पडद्यावरच जळतो. डिपट्रेस म्हणून एक आहे, नेटकं आणि शिकायला सोपं. हौशी वापरासाठी ३०० पायांपर्यंत फुकट. वाईट नाही. पण अडलं तर विचारायला आजूबाजूला माणसं कीकॅडची जास्त भेटतात.

एक नाव आपल्या घरचं. मुंबईच्या आयआयटीत 'फॉसी' नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प आहे, त्यांनी ई-सिम तयार केलं. आकृती कीकॅडची, आणि सर्किट चालवून बघायला एन्जीस्पाइस, असं एकत्र बांधलेलं. डिप्लोमाच्या मुलीला परीक्षेच्या दृष्टीनेही ते कामाचं आहे, कारण बोर्ड छापण्याआधी कुठल्या टोकाला किती व्होल्ट येतील ते बघता येतं. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरचे बोलके धडे आहेत, त्यातले पुष्कळसे मराठीतही. दहा-दहा मिनिटांचे. इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलांना हा पत्ता जरूर द्या.

आता बेटी, हे तुझ्यासाठी. सॉफ्टवेअर निवडण्यात दोन दिवस घालवलेस तरी पुष्कळ झाले. खरी ठेच लागते ती दुसरीकडे, आणि ती मी स्वतः खाल्ली आहे.

फोटोंचं प्रकरण होऊन वर्ष झालं होतं. भाच्याने कीकॅड टाकलं आणि टाकीच्या भोंग्याचाच बोर्ड काढला. दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, पाच-सहा रेझिस्टर, एक एलईडी, बझर, आणि वायरी अडकवायला स्क्रूचे दोन कनेक्टर. त्याने आणून दाखवला, "मामू, एकदा बघा." मी बघितला. वाटा सुरेख होत्या. तपासणीत एकही चूक नाही. मी म्हटलं, पाठवून दे. दहा बोर्ड छापून आले. सोल्डर केले, पाण्यात वायर बुडवली, आणि काही नाही. ढिम्म. दहाच्या दहा बोर्ड मुके.

दोन संध्याकाळी गेल्यावर कळलं. त्याने आकृतीत बीसी ५४७ शोधायच्या ऐवजी नुसता 'एनपीएन ट्रान्झिस्टर' उचलला होता, आणि त्या चिन्हातले पाय एमिटर, बेस, कलेक्टर या क्रमाने होते. टू-एन ३९०४ या अमेरिकन ट्रान्झिस्टरचा तोच क्रम असतो. बीसी ५४७ सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली असा धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बरोबर उलट. सॉफ्टवेअरने तपासलं ते इतकंच, की आकृतीत जे जोडलं ते पाटीवर जोडलं आहे का. आकृतीच दुकानातल्या वस्तूशी जुळते का, ते सॉफ्टवेअरला कसं कळणार? ते कळायला हवं होतं मला, मामूला.

उपाय मजेशीर निघाला. ट्रान्झिस्टर काढून अर्धा फिरवून लावला, सपाट बाजू पाटीवरच्या चित्राच्या उलट, की तिन्ही पाय योग्य जागी. दहाही बोर्ड वाजले. पण प्रत्येक वेळी असा सुटका करून घेणारा योग नसतो.

म्हणून भाग निवडताना नेमक्या नावाने निवड. मग त्या भागाची माहितीपत्रिका उघड आणि पायांचा क्रम तुझ्या आकृतीशी बोट ठेवून जुळव. हे दर वेळी करायचं. कीकॅडच्या संग्रहात बीसी ५४७ त्याच नावाने आहे. पण त्याला मिळणाऱ्या फूटप्रिंटमध्ये पायांतलं अंतर १.२७ मिलिमीटर असतं. कारखान्यात छापणार असशील तर ठीक. घरी करणार असशील तर ती भोकं एकमेकांना चिकटतील, म्हणून नावात 'वाइड' असलेलं घे, त्यात २.५४ मिलिमीटर मिळतं. पाव वॅटच्या रेझिस्टरला १०.१६ मिलिमीटर अंतराचं फूटप्रिंट नीट बसतं. स्क्रूच्या कनेक्टरमध्ये बाजारात ५ आणि ५.०८ असे दोन जुळे भाऊ मिळतात. दोन पायांच्या कनेक्टरला फरक जाणवत नाही, सहा-आठ पाय झाले की तो बसतच नाही.

आणि एक काम पैसे देण्याआधी करायचंच. बोर्ड साध्या कागदावर छाप. प्रिंटरच्या खिडकीत 'पानावर बसव' असा पर्याय असतो तो काढून मूळ मापात, शंभर टक्के छाप. पट्टीने बोर्डाची लांबी मोज. मग तो कागद जुन्या थर्माकोलवर ठेवून एकेक भाग त्यात टोच. रेझिस्टरचे पाय भोकांच्या खुणांवर येतात का, बझर शेजारच्या कनेक्टरवर चढतो का, स्क्रू फिरवायला पेचकस जाईल का, सगळं दिसतं. पाच रुपयांच्या कागदात पाचशे रुपये वाचतात. भाग आधी बाजारातून आणायचे आणि मग बोर्ड काढायचा, हा क्रम त्यासाठीच. चिपळूणला मिळाले नाहीत तर मुंबईला कुणी जाणार असेल त्याच्याकडे लॅमिंग्टन रोडची यादी द्या, पुण्याला जाणार असेल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली.

बोर्ड करायचा कुठे? आपल्या देशात बंगळूर, गुजरात आणि इतर ठिकाणी थोड्या नगांची ऑर्डर घेणारे कारखाने आहेत. चीनमधले कारखाने १०० बाय १०० मिलिमीटरच्या आतले दोन थरांचे पाच बोर्ड फार स्वस्तात देतात, पण टपालखर्च आणि जकात धरली की तो स्वस्तपणा पातळ होतो. आधी पूर्ण हिशेब मागा. टाकीच्या भोंग्यासाठी मी म्हणेन, पहिला बोर्ड घरीच कर. तांब्याची कोरी पाटी, लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर काढलेली छपाई, इस्त्री, आणि फेरिक क्लोराइड. सॉफ्टवेअर आपणहून ०.२ मिलिमीटरच्या आसपास रुंदीच्या वाटा धरतं, घरच्या कामात त्या विरघळून जातात. रुंदी १ मिलिमीटर कर, गोल पॅड दोन मिलिमीटरच्या आसपास ठेव, आणि सगळ्या वाटा खालच्या थरावर आख. खालचा थर छापताना आरशातल्यासारखा उलटा करायचा नाही. सॉफ्टवेअर तो वरून पाहिल्यासारखा दाखवतं, आणि कागद पाटीवर पालथा पडला की आपोआप सुलटा होतो. या एका गोष्टीत नव्वद टक्के मुलं एक तरी पाटी वाया घालवतात. आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण मी दोन घालवल्या आहेत.

आपा, फेरिक क्लोराइडबद्दल दोन शब्द तुमच्यासाठी. ते पिवळट-तपकिरी, कपड्याला आणि फरशीला लागलं की डाग जात नाही, आणि धातू खातं. त्यासाठी प्लास्टिकचा वेगळा डबा द्या आणि त्याच्यावर नाव लिहून ठेवा. स्वयंपाकघरातलं भांडं, मग ते कितीही टाकाऊ असो, देऊ नका. काम गॅलरीत, हातमोजे घालून, धाकटी मुलं शाळेत असताना. वापरलेलं पाणी मोरीत किंवा झाडांच्या मुळाशी ओतायचं नाही, त्यात तांबं उतरलेलं असतं. तेच द्रावण पुष्कळ वेळा वापरता येतं, म्हणून झाकण लावून ठेवायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोय असेल तर तिथेच केलेलं सगळ्यात बरं.

आणि एक सक्त सूचना. पंप आपोआप बंद करणारा बोर्ड काढायची इच्छा पुढच्या आठवड्यातच होईल. त्यात घरातली २३० व्होल्टची वीज पाटीवर येते. तिथे वाटांमधलं अंतर, फ्यूज, पेटी, सगळ्याचे नियम वेगळे आहेत, आणि टाकीजवळ पाणी. अजून नको. भोंगा नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालू दे, पंपाचं बटण माणूस बंद करेल. कॉलेजातल्या सरांसोबत बसून एखादा असा बोर्ड झाल्यावर बघू.

आता विचाराल, याला किती दिवस? कीकॅड सोबत स्वतःचाच एक ओळख करून देणारा धडा देतं, त्यात एक छोटं सर्किट सुरुवातीपासून गर्बरपर्यंत नेलेलं आहे. तो पाहत पाहत न थांबता केला तर दोन-तीन संध्याकाळी. मग तोच बोर्ड धडा न बघता पुन्हा. मग भोंगा. मध्येच कंटाळून दुसऱ्या सॉफ्टवेअरवर उडी मारायची नाही, निदान पहिला बोर्ड वाजेपर्यंत. आपोआप वाटा आखून देणारी साधनंही मिळतात. दहा भागांच्या बोर्डाला त्यांच्याकडे जाऊ नकोस, हाताने आखताना जे कळतं ते तिथे कळत नाही. आणि खरं तर, एकच नग हवा असेल आणि परीक्षा जवळ असेल, तर तयार भोकांची झिरो पीसीबी घेऊन त्यावर जोडून टाकलं तरी टाकी वाहायची थांबेल. बोर्ड सुट्टीत काढ.

लॅपटॉप थोरल्याचा आहे, तेव्हा त्याच्याशी वेळ ठरवून घ्या. घरात मुलगा आणि मुलगी दोघं शिकत असतील आणि लॅपटॉप एक असेल, तर बहुतेक वेळा तो कुणाकडे राहतो हे आपल्याला माहीत आहे. मगरिबनंतर दोन तास तिचे, असं भिंतीवर लिहूनच लावा. आणि निकाहाचे, आजी-आजोबांचे फोटो त्यावर असतील तर या रविवारी त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. मैत्रिणीने आणलेला पेनड्राइव्ह त्यासाठी चालेल, आधी पूर्ण कोरा करून.

टाकीत सोडायच्या वायरींचं राहिलं. तांब्याच्या उघड्या टोकांतून सतत एकाच दिशेने वीज गेली की महिन्या-दोन महिन्यांत ती हिरवी पडून झिजतात आणि भोंगा गप्प होतो, बोर्ड कितीही सुबक असला तरी. टोकांना स्टेनलेस स्टीलचे दोन छोटे स्क्रू लावा. आणि ते टाकीच्या तळाशी न सोडता अगदी वर, पाणी भरल्यावरच टेकतील असे लटकवा.